वर चढणारा घास

मैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे आम्हाला मंगळवारी दारात उभं राहिल्यावर कळलं. म्हणून बुधवारी पुन्हा गेलो. भाच्याला वाघ बघायचा होता, बहिणीला फोटो काढायचे होते आणि मला कुठेतरी बसायचं होतं. आदल्या दिवशी राजवाडा पायाखाली घातला होता, पोटऱ्या अजून बोलत होत्या.

जिराफ लागला तसा भाचा "बघितला, चला" म्हणाला. मीही निघणारच होते, तेवढ्यात त्याच्या मानेत काहीतरी हललं. छातीच्या वर, कातडीच्या आत, मोसंब्याएवढा एक फुगवटा आला आणि सरसर वर निघाला. माणसाच्या उंचीएवढी ती मान चढून जबड्यामागे गेला आणि दिसेनासा झाला. इतका वेळ स्वस्थ असलेला जबडा लगेच डावीकडून उजवीकडे फिरायला लागला.

रवंथ! गाई-म्हशींचा बघत आपण मोठे होतो, पण गाईच्या आखूड मानेत घास कधी वर येतो ते कळतही नाही. (माझी बहीण जुन्या भांडणांचा करते तोही रवंथच, पण तोही दिसत नाही, एकदम ऐकूच येतो.) जिराफाचं सगळं उघड्यावर. घास चावून झाला की क्षणभर शांतता, मग एक लहानशी लाट मानेतून खाली जाते. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग खालून पुढचा घास.

भाच्याला दाखवलं आणि वाघ मागे पडला. तो एकेका घासाचं चावणं मोजायला लागला. पहिल्यांदा त्रेचाळीस, दुसऱ्यांदा एकावन्न, तिसऱ्यांदा मधेच कोणी "साइड प्लीज" म्हणालं आणि आकडा चुकला. मग त्याने मोजणं सोडलं आणि मानेच्या बुडाशी नजर लावून बसला. गोळा दिसला की "आला, आला!" स्टॉपवर बस दिसल्यासारखा. आजूबाजूचे वळून बघायचे. एका आजोबांनी मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मी मानेकडे बोट दाखवलं, तेही थांबले. पुढच्या घासाला तेच आधी ओरडले.

"मावशी, तो परत खाली का नाही पडत?" हा प्रश्न मला सुचला नसता. अन्ननलिकेचे स्नायू त्याला ढकलत वर नेतात, पण खरी कसरत रक्ताची. तेवढ्या उंचीवरच्या डोक्यापर्यंत रक्त चढवायचं म्हणून जिराफाचं हृदय दहा-अकरा किलोचं असतं आणि रक्तदाब आपल्या साधारण दुप्पट. आमच्या घरात दोघांना त्यासाठी रोज सकाळी गोळी आहे. हा मात्र पापण्या अर्ध्या मिटून चावतोय. आणि एवढ्या मानेत मणके किती? आपल्याइतकेच, ७. फक्त एकेक चांगला वीतभर लांब.

लोकांनी जिराफाची उंची नेहमीच बघितली आहे. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने आफ्रिकेतून आलेला एक जिराफ चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवला. तिथल्या दरबाराला तो पुराणातला शुभ प्राणीच वाटला. त्याचं चित्र काढलं गेलं, ते अजून बघायला मिळतं. उंच मान आहे, अंगावरची नक्षी आहे, दोरी धरलेला माणूस आहे. मानेतला गोळा नाही. चित्रकार बहुधा त्याचं खाणं झाल्यावर पुरेसा थांबला नसावा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३७च्या सुमाराला बांधलेलं जिराफघर आजही जिराफांसाठीच वापरात आहे. मधल्या काळात माणसांनी आपली घरं कितीदा पाडून बांधली. त्या घराची दारं मात्र तेव्हाच योग्य मापाने काढलेली.

मैसूरहून आल्यापासून मला रवंथ करणारं काहीही दिसलं की उभं राहायची सवय लागली. मोठे मामा वर्ध्याहून आले तेव्हा त्यांना कात्रजला नेलं. काळवीट, चितळ, सांबर बघत चाललो होतो. आपण मराठीत सरसकट सगळ्यांना हरीण म्हणतो, पण चितळ-सांबराच्या शिंगांना फांद्या फुटतात आणि ती गळून नवी येतात. काळवीट, चौशिंगा, नीलगाय यांची शिंगं बिनफांद्यांची आणि जन्मभराची. पुस्तकात यांना कुरंग म्हणतात. पुस्तकाबाहेर मी हा शब्द कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. हे सगळं मी मामांना उत्साहाने सांगत होते आणि ते नीलगायीच्या कुंपणापाशी थांबले होते.

"अवं, हा तं रोही हाय."

"हो मामा, नीलगाय."

"याले पाहाले तिकीट काढलं तुनं?" मामांच्या कपाळावर आठ्या. "आमच्याइकडं फुकट येते. रात्री येते, हरभरा खाते, तूर तुडवते, अन् सकाळी पसार."

समोरचा नर सावलीत बसला होता. निळसर राखाडी रंग, गळ्याशी केसांचा झुपका, अंगाच्या मानाने अगदीच चिमुकली शिंगं. जबडा फिरत होता. मी मामांना सांगितलं, उघड्यावर भराभर गिळून घ्यायचं आणि आडोशाला जाऊन निवांत चावायचं, यासाठीच या प्राण्यांना रवंथ. उघड्यावर वेळ काढला तर कोणी धरेल ना.

"म्हंजे माह्या वावरात निस्तं गिळते," मामा म्हणाले, "अन् चावते दुसरीकडं जाऊन."

मी यावर काय बोलणार? मामा मात्र हलेनात. रात्र रात्र मचाणावर बसून, डबे वाजवून, बॅटरी मारून त्यांनी रोही हाकलले आहेत. दिसला की पळालाच, असाच त्यांना ठाऊक. बसलेला रोही इतक्या जवळून त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. जबडा थांबला. गळ्यापाशी काहीतरी हललं. जिराफाइतकं स्पष्ट नाही, पण मामांच्या नजरेतून सुटलं नाही.

"आला पाह्य वर," ते हळूच म्हणाले. हाकलायची सवय असलेला माणूस आवाज खाली ठेवून बोलत होता.

मी पुढे जाऊन दोन चहा घेऊन आले. मामा तिथेच उभे होते.