सुटून जात कसं न्हाई?

"मॅडम, लातुरात बसून गुरूच्या चंद्रांची गणितं कशाला? उपयोग काय?" स्टाफरूममध्ये, लग्नांत, भावकीत हेच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

उपयोग नाही. रात्री कुणी दोन तास मालिका बघितली तर त्याला हे विचारत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

गॅनिमीड हा गुरूचा सर्वांत मोठा चंद्र सात दिवसांत शिस्तीत फेरी मारतो, त्याचं मला अप्रूप नाही. माझा जीव लांबच्या चंद्रांत. पासिफी बघा: 1908 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मेलॉटना इंग्लंडात ग्रिनिचच्या वेधशाळेत फोटोच्या काचेवर सापडलेला. गुरूपासून सरासरी 2.35 कोटी किलोमीटर, फेरीला दोन वर्षं, आणि तीही उलटी, गुरू स्वतःभोवती फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेनं. इतक्या लांब सूर्य सारखा ओढतो, त्यामुळे एक फेरी दुसरीवर कधी बसत नाही. सूत्रात घालून उत्तर निघत नाही. थोड्या थोड्या दिवसांनी चंद्र कुठे, हे मोजत पुढे सरकावं लागतं.

एप्रिल 2016. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. त्या सकाळी तो आला तेव्हा कॉम्प्युटरवर माझं पासिफीचं गणित संपत आलं होतं आणि वीज कधीही गेली असती. "पाचच मिनिटं, मामा," मी सासऱ्यांना आतूनच म्हणाले. ते थांबले नाहीत. दोन घागरी घेऊन निघाले, चिखलात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. बाहेर आरडाओरडा झाला तेव्हाही मी आधी स्क्रीनकडे बघितलं. गणित पूर्ण झालं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "कंचा चंद्र होता गं?" मी सांगितलं. "उलटं फिरतंय, तर सुटून जात कसं न्हाई?"

"जातो मामा. मी मोजलंय," मी म्हणाले. माझ्या उत्तरात पासिफी गुरूला सोडून निघून गेला होता आणि मला त्याचा आनंद झाला होता.

ते चूक होतं. मी दिवसांची पावलं फार मोठी घेतली होती. लहान घेतली तर तो गुरूला सोडून जात नाही. गुरूबरोबर सूर्याभोवती फिरत बघितलं, तर सुलट्या चंद्राला त्याची चाल बाहेर रेटते, उलट्याला आत, गुरूकडे. म्हणून उलटा जेवढ्या लांब टिकतो, तेवढ्या लांब सुलटा टिकत नाही. हे मला पाठ होतं, समजलं नव्हतं.

तेव्हाची मी अजून म्हणते, वीज गेली असती तर रात्रभराचं काम गेलं असतं, मामांना कुणी जा म्हटलं होतं? मी तिला गप्प करते. ती होत नाही.

दोन महिन्यांनी, ते काठी धरून ओसरीवर आले तेव्हा, चूक सांगितली. "म्हंजे सुटत न्हाई," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.