नंदीला काय खाऊ घातलं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरच्या महाल भागातील आमच्या मंडळाच्या पटांगणात एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या आणि चुन्याने आखलेली एक वाकडी रेघ एवढे दिसू लागले, की तान्हा पोळा भरायला आला असे आम्ही समजत असू. गणपती तीन दिवसांवर आलेले असत. मांडवाचे बांबू अर्धवट उभे असत आणि त्याच बांबूंना आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाई. त्या टेबलामागच्या एका खुर्चीवर जवळजवळ पन्नास वर्षे माझी आई बसली. दुसऱ्या खुर्चीवर दरवर्षी कोणीतरी प्रतिष्ठित पाहुणा परीक्षक म्हणून येई, पण निकाल कोण लावते हे मुलांना ठाऊक होते.

श्रावणी अमावास्येचा पोळा खऱ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा पोळा मुलांच्या लाकडी नंद्यांचा, ही आमच्याकडची रीत. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली ती सुरू केली असे सांगतात. त्याच दिवशी सकाळी मारबतींची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. दोघींची भेट पाहायला लोटणाऱ्या गर्दीत आम्ही भावंडे घुसलेली असू, आणि आई मात्र दाराशी लावलेल्या पळसाच्या मेढ्या काढून झाल्या, की ढोलताशांना भिऊन पळत सुटलेली गल्लीतली कुत्री अंगणात घेऊन फाटक लावून बसे. मारबत पाहिल्याचे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

दुपारी मात्र तिचे राज्य असे. मूर्तिकारांच्या चितारओळीतून आणलेले, वारनिशाने चकाकणारे, पाठीवर झूल आणि कपाळावर बाशिंग असलेले नंदी रेघेवर उभे राहत. काही नंदी तर इतके मोठे असत, की ते ओढायला मुलाचे वडील आणि काका दोघे लागत आणि मुलगा नुसता दोरीला हात लावून चाले. (नंदीची उंची आणि बापाची ऐपत यांचा हा सामना आता फारच वाढला आहे, आणि मला तो मुळीच आवडत नाही.) आई प्रत्येक मुलासमोर थांबून दोनच प्रश्न विचारी : ‘‘याचं नाव काय बापा?’’ आणि ‘‘आज याला काय खाऊ घातलं?’’ पहिल्याचे उत्तर सगळ्यांना येई. दुसऱ्या प्रश्नाला भल्याभल्यांच्या मुलांची दांडी उडे. ती आईबापांकडे पाहू लागत आणि आईबाप एकमेकांकडे.

एका वर्षी एक मुलगा घरी नंदी नसल्यामुळे पाट्यावरचा वरवंटा आपल्या आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून, त्याला दोन वांग्यांची देठे शिंगे म्हणून बांधून आला. रांगेत हशा पिकला. आईने त्याच्यापुढे बसून तोच प्रश्न विचारला आणि त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘‘सकाळी जवसाची चटणी खाल्ली, काकू.’’ पहिले बक्षीस, म्हणजे स्टीलचा एक कडीचा डबा, त्या वर्षी वरवंट्याला मिळाले. मोठ्या नंद्यांच्या मालकांनी मंडळाच्या अध्यक्षांकडे तक्रार केली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, की ज्या जनावराला पोट आहे हे धन्याला माहीत आहे, त्यालाच मी बैल म्हणते.

लाकडी बैलांच्या या पोळ्यात एक तरी खरी जोडी असलीच पाहिजे, हा तिचा हट्ट होता. जवळच्या लाकडाच्या टालावर एक बंडी होती. त्या बंडीच्या बैलांना ती पोळ्याच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणे आवतण देऊन येई. खांदशेकणी हा तिच्या लेखी नुसता विधी नव्हता. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्यावर जी गाठ येते, जखम होते, ती पाहण्याचा तो दिवस होता, आणि हळद-लोणी लावताना ती बोटांनी चाचपून पाही. १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९६५ साली ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम आले, हे तिला माझ्या वडिलांच्या कचेरीतून कळले होते. दिवसातून नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचे नाही, हे त्यातले दोन मुद्दे तिने पाठ केले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात ३७ अंश म्हणजे सकाळचा गारवाच म्हणायचा. त्यामुळे टालवाल्याशी तिचे चैत्रापासून मृग लागेपर्यंत भांडण चाले. तरीही तान्ह्या पोळ्याला तोच टालवाला आपल्या बैलांची शिंगे रंगवून त्यांना सगळ्यांच्या पुढे उभे करी, आणि तोरण तुटून पोळा फुटला, की पहिला बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, आई त्याच्या हातावर ठेवी आणि ढेपेचे टोपले बैलांपुढे.

ती लग्न होऊन काटोलकडच्या एका खेड्यातून महालात आली, तेव्हा नागपूरचे राजधानीपण नुकतेच, १९५६ साली, गेले होते. गाव उतरले आणि मी आले, असे ती थट्टेने म्हणे. चार मुले, सासू-सासरे आणि कारकुनाचा पगार यांत तिने घरात दोन गाई, असंख्य मांजरे, पंख तुटलेली एक घार आणि तीन पायांचा एक कुत्रा सांभाळला. आम्हां मुलांचे तिने काही कमी केले असे नाही. परंतु मॅट्रिकच्या पहिल्या पेपरच्या सकाळी, गाय अडली म्हणून ती गोठ्यात होती आणि मी न जेवता शाळेत गेलो, याचा राग मी पुष्कळ वर्षे धरून होतो. पेपर सुटला तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर ती डबा घेऊन उभी होती, पातळाला शेण लागलेले होते, आणि तिने आधी कालवड झाल्याचे सांगितले, मग पेपर कसा गेला ते विचारले.

सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. महालातून सायकल-रिक्षाने तिथे जाणे म्हणजे शेवटच्या चढावर खाली उतरून रिक्षा ढकलत नेणे. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला कुत्रा घेऊन तिने हा प्रवास किती वेळा केला असेल, याची मोजदाद कोणी केली नाही. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, ती दारापुढे पाण्याचा गंज भरून ठेवी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक मुलाने वाटेत झाडा-तारांवर लोंबणारा मांजा गोळा करून आणायचा आणि मगच तिळगूळ घ्यायचा, हा नियम तिचाच. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. त्याच्या कितीतरी आधी आमच्या पटांगणात मांजाच्या गुंड्यांचा ढीग जळत असे.

मंडळाशी तिचा एकदाच खरा बेबनाव झाला. तरुण कार्यकर्त्यांनी तान्ह्या पोळ्याला डीजे आणला, टालवाल्याचे बैल बिथरले, आणि आई खुर्चीवरून उठून बैलांबरोबर घरी निघून गेली. पुढच्या वर्षी डीजे आला नाही. कोणी माफी मागितली नाही आणि तिनेही विषय काढला नाही. कार्यकर्त्यांसाठीच्या तर्री-पोह्यांत मात्र त्या वर्षी तर्री नेहमीपेक्षा जहाल होती, असे ते अजून सांगतात.

पुढे टाल बंद झाला, बंडी गेली. खरी जोडी मिळेनाशी झाली, तेव्हा तिने गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याला गळ्यात घुंगरू बांधून टेबलाखाली बसवले आणि ‘‘यंदा हाच आपला बैल’’ असे जाहीर केले. नव्वदी ओलांडल्यावर तिला नीट दिसत नसे. ती नंद्यांच्या पाठीवरून हात फिरवून वारनिश ओले आहे की वाळले ते सांगे आणि तेच दोन प्रश्न विचारी. बावन्न नंदी आले होते, ते तिचे शेवटचे वर्ष. पोळ्यानंतर दिवाळीच्या आत, झोपेतच ती गेली.

त्यानंतरच्या तान्ह्या पोळ्याला मंडळाने मला त्या खुर्चीवर बसवले. रांगेत पहिली एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. वीतभर नंदी, त्याच्या गळ्यात लाल दोरा. मी तिला नंदीचे नाव विचारले, तिने सांगितले, मी वहीत लिहिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. ती जागची हलली नाही. मागे रांग खोळंबली, कोणीतरी तिला सरकायला सांगितले, तरी ती दोरी घट्ट धरून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘पुढचं विचारा ना.’’