डेबियन ७ ते १२, एकेक पायरी

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या ७ व्या आवृत्तीवर चालत होता. ही आवृत्ती २०१३ ची. तिच्यासाठीच्या वाढीव मुदतीच्या सुरक्षा-दुरुस्त्याही २०१८ मध्ये थांबल्या. मशीन कधी बंद पडलं नाही, म्हणून त्याला कोणी हातही लावला नाही. संचालक मंडळाने याच काळात इमारतीला नवी फरशी बसवली आणि सर्व्हरचा विषय दर वर्षी पुढे ढकलला. सभासदांचे पैसे ज्या मशीनवर मोजले जातात त्याची ही हेळसांड मला आजही सहन होत नाही.

आधी येऊन गेलेल्या दोन पुरवठादारांचा सल्ला एकच होता: सगळं पुसा, नवं टाका. मी याच्या विरुद्ध आहे. सॉफ्टवेअर लिहून देणारी मंडळी केव्हाच पांगली होती. पुसलं की इतक्या वर्षांत कोणी काय बदललं आणि का, तेही पुसलं जातं. डेबियनमध्ये मधली आवृत्ती वगळून थेट पुढे जाता येत नाही. ७ वरून ८, ८ वरून ९, असंच चढावं लागतं. लोकांना हा जाच वाटतो. जुन्या मशीनच्या बाबतीत मला तोच सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो.

मूळ डिस्कची प्रत घेऊन व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आभासी संगणकावर, रंगीत तालीम सुरू केली. पहिली अडचण पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार संच, मिळवण्याचीच. जुन्या आवृत्त्या नेहमीच्या मिररवरून (डाउनलोडच्या सर्व्हरवरून) काढून आर्काइव्हमध्ये ठेवलेल्या असतात, म्हणून सोर्सेस लिस्टमधले (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीतले) पत्ते बदलायचे. मग ॲप्ट हा पॅकेजेस आणणारा प्रोग्रॅम तक्रार करतो की यादीची मुदत संपली, पॅकेज अस्सल असल्याची डिजिटल सही तपासण्याच्या किल्ल्यांचीही संपली. इंटरनेटवर यावर सर्रास एकच उपाय सांगतात: सही न तपासता पॅकेज घ्या. आर्थिक संस्थेच्या मशीनवर असं करणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. मी फाइली आणि त्यांच्या सह्या चालू आवृत्तीच्या मशीनवर तपासून घेतल्या, मगच आत आणल्या.

प्रत्येक पायरीवर आधी साधा अपग्रेड, मग डिस्ट-अपग्रेड, म्हणजे गरज पडेल तिथे पॅकेजेस काढून-घालून केलेला पूर्ण अपग्रेड. नव्या अपाचेला (वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) साइटच्या फाइलींची नावं विशिष्ट शेपटाची लागतात, नाहीतर साइट गायब. पीएचपी ७ या प्रोग्रॅमिंग भाषेतून मजकूर शोधणारी जुनी ‘एरेग’ फंक्शन्स गेलेली. ही कामं कष्टाची, पण उघड दिसणारी.

बदललेली कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल आढळली की डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम थांबून विचारतो: तुमची ठेवू की नवी टाकू? बहुतेक जण न वाचता एंटर दाबतात. मी ‘डी’ दाबून फरक वाचतो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या फाइलीच्या, फरकात आधीच्या माणसाने लिहिलेली ओळ होती: ‘मार्चअखेर व्याज आकारणीच्या आधी बॅकअप. वेळ बदलू नये.’ खाली त्याचीच वेळ. ही माहिती संस्थेतल्या कोणालाही नव्हती. नवी फाइल डोळे मिटून घेतली असती तर ३१ मार्चच्या रात्री बॅकअपच झाला नसता.

आवृत्ती १० वर पोचल्यावर मी काउंटरवरच्या एका ताईंना तपासणीला बसवलं. पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, अजून जुनंच होतं. मॅनेजर म्हणाले, ‘त्यांना त्यातलं काय कळणार?’ ताई आपल्या ओळखीचे खाते क्रमांक भराभर टाइप करत होत्या. मग थांबल्या.

‘सर, हे खातं सापडत नाही.’

‘क्रमांक बरोबर आहे का?’

‘माझ्या सासूबाईंचं आहे. पाठ आहे मला.’

पूर्ण यादी काढली तर खातं होतं, शिल्लक बरोबर. क्रमांकाने शोधलं की शून्य ओळी. इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची क्रमवार सूची) न वापरण्याची सक्ती केली, तेव्हा खातं पुन्हा हजर. लॉगमध्ये एकही चूक नोंदलेली नव्हती.

कारण पोस्टग्रेसच्या बाहेर होतं. मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा हे त्याने जीलिबसी या सिस्टिमच्या पायाभूत लायब्ररीवर सोपवलेलं असतं, आणि आवृत्ती १० मध्ये जीलिबसी २.२८ येते, जिने हा क्रम बदलला. पूर्वी ‘११’ पहिला आणि ‘१-१’ त्याच्यानंतर यायचा. आता उलटं, कारण पूर्वी जवळपास दुर्लक्षित राहणारी आडवी रेघ आता मोजली जाते. इंडेक्स मात्र जुन्या क्रमाने लावलेला. शोधणारा नव्या क्रमाने जातो, चुकीच्या फांदीवर उतरतो आणि ‘नाही’ म्हणून परततो. संस्थेचे सगळे खाते क्रमांक रेघ असलेले. प्रत्यक्ष मशीनवर हे झालं असतं तर सभासदाला काउंटरवर ‘तुमचं खातं नाही’ असं उत्तर मिळालं असतं. तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवला गेला असता आणि दुबार क्रमांक रोखणाऱ्या युनिक इंडेक्सनेही तो अडवला असताच असं नाही.

प्रत्यक्ष कामात आम्ही जीलिबसी बदलण्याआधी डेटाबेसवरचं कामकाज थांबवून अख्खा डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढला आणि ती बदलल्यावर नव्या पोस्टग्रेसमध्ये भरला. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. वेळ वाचवायला फाइली जशाच्या तशा जोडून घेणारी पद्धत आहे, ती कटाक्षाने टाळली, कारण तीत बिघडलेला इंडेक्सही सोबत येतो. खाती आणि शिलकांची बेरीज जुळली, दुबार क्रमांक एकही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं. मंडळाचं म्हणणं, ‘आत्ताच तर केलं.’ मी लेखी मागणी दिली आहे: तालमीसाठी वेगळं मशीन, आणि एक दिवस काउंटरवरची दोन माणसं तपासणीला. मशीनला नकार आला आहे. माणसांबद्दल अजून काही कळवलेलं नाही.