विलंबित लयीतला नाताळ

24 डिसेंबर, रात्र

आज संध्याकाळी पुण्यात कॅम्पातून घरी येताना वाटेतल्या दोन दुकानांतून ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत ऐकू आले. दोन्हीकडे ते इतक्या द्रुत लयीत आणि घंटांच्या इतक्या किणकिणाटात वाजत होते, की हे एका निःशब्द रात्रीविषयीचे गाणे आहे याची खूणही त्यात उरली नव्हती. घरी आल्यावर खोलीतला दिवा मालवला आणि ‘लो’ या अमेरिकी बँडची 1999 सालची ‘ख्रिसमस’ ही आठ गाण्यांची ध्वनिमुद्रिका लावली. नाताळच्या आदल्या रात्री ती सलग ऐकण्याचा नेम मी गेली काही वर्षे पाळत आलो आहे.

मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी वसलेल्या डुलुथ या गावात 1993 साली हा बँड सुरू झाला. गिटारवर ॲलन स्पारहॉक आणि ड्रमवर मिमी पार्कर. हे दोघे पती-पत्नी आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे कर्कश गिटार, अशी समजूत त्या काळी पक्की असताना त्यांनी अतिशय संथ आणि हळू आवाजात वाजवण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही रीत परकी वाटू नये, कारण दोन मात्रांमधली मोकळी जागा हाही संगीताचाच भाग असतो हे त्याला ठाऊक असते. मिमी पार्कर उभ्याने वाजवत असे आणि तिच्यापुढे दोन-तीन वाद्यांपलीकडे फारसे काही नसे.

म्हणूनच या संग्रहातले ‘लिटल ड्रमर बॉय’ मला सर्वांत जवळचे वाटते. कॅथरीन केनिकॉट डेव्हिस यांनी 1941 साली लिहिलेल्या या गाण्यातला गरीब मुलगा बाळ येशूच्या भेटीला जातो, पण द्यायला हातात काहीच नसल्यामुळे तो आपला ढोल वाजवतो आणि तीच त्याची भेट ठरते. मोठे वाद्यवृंद हे गाणे लष्करी संचलनासारखे वाजवतात, आणि मग त्या मुलाचे रिकामे हात आपल्याला दिसतच नाहीत. ‘लो’च्या गाण्यात मागे तानपुऱ्यासारखा अखंड गुंजणारा, जरासा खरखरीत स्वर आहे आणि त्यावर दोघांचे आवाज एकमेकांना सांभाळत हळूहळू पुढे सरकतात. जिच्याकडे वाजवायला मुळातच मोजकी साधने आहेत, अशा वादिकेच्या तोंडून त्या मुलाची गोष्ट ऐकताना तिचा शब्द न् शब्द खरा वाटतो.

‘सायलेंट नाइट’च्या बाबतीत तर मूळ इतिहासच या बँडच्या बाजूने उभा राहतो. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ येथील चर्चमध्ये 24 डिसेंबर 1818 रोजी हे गाणे पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा शब्दांचे कर्ते योझेफ मोर आणि स्वररचनाकार फ्रान्झ ग्रुबर या दोघांचे आवाज होते आणि साथीला गिटार होती. पुढे 181 वर्षांनी स्पारहॉक आणि पार्कर यांनी दोन आवाज आणि गिटार यांवरच ते उभे केले. वरवर बंडखोर वाटणारी ही मांडणी वास्तविक दुकानातल्या त्या किणकिणाटापेक्षा परंपरेच्या कितीतरी अधिक जवळ आहे.

इतर रॉक बँडांनीही ही गाणी केली आहेत. ‘वीझर’ने 2008 साली आणि ‘बॅड रिलिजन’ने 2013 साली पारंपरिक कॅरोल, म्हणजे नाताळगीते, झपाट्याने वाजवली; त्यात उत्साह आहे, पण माझ्या मते गाण्याचा अर्थ होता तिथेच राहतो. ‘प्रिटेंडर्स’चे 1983 सालचे ‘2000 माइल्स’ मात्र वेगळे आहे, कारण आदल्या वर्षी निधन पावलेल्या आपल्या गिटारवादकाची, जेम्स हनीमन-स्कॉटची आठवण त्यामागे आहे. सणाच्या दिवशी घरातले एक माणूस नसणे म्हणजे काय, हे त्या गाण्याला नेमके कळलेले आहे.

‘लो’ची स्वतःची गाणीही हा सण गोड करून सांगत नाहीत. एका गाण्यात ते बाळ येशूलाच उद्देशून म्हणतात, की तू आज जन्मला असतास तर आम्ही तुला वयाच्या आठव्या वर्षापर्यंतच मारून टाकले असते. श्रद्धावान माणसांनी आपल्या परमेश्वरापुढे उभे राहून दिलेली ही कबुली आहे, आणि म्हणूनच ती ऐकताना मी दर वर्षी थबकतो.

पहिले गाणे, ‘जस्ट लाइक ख्रिसमस’, मी आज शेवटी पुन्हा लावले. बँड स्टॉकहोमहून ऑस्लोला निघालेला असताना हिमवर्षाव सुरू होतो आणि सोबतचा कोणीतरी म्हणतो, की हे अगदी नाताळसारखे आहे. गाणाऱ्या मिमीला ते पटत नाही. ऑस्लोला पोहोचेपर्यंत बर्फ नाहीसा झालेला असतो, वाट चुकलेली असते, झोपायला लहानशा खाटा मिळतात, आणि तिथे, आपण किती तरुण आहोत असे वाटत असताना, तिला ते नाताळसारखे वाटते. मिमी पार्करचे 5 नोव्हेंबर 2022 रोजी कर्करोगाने निधन झाले. तेव्हापासून त्या लहान खाटांची ओळ आली, की मला पुढचे काही क्षण गाणे नीट ऐकू येत नाही. आजही तसेच झाले, म्हणून ते मी तिसऱ्यांदा लावले आहे.