९४४ ची डायरी, भाग ४: गरम झाली की बंद, गार झाली की चालू

मंडळी, मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गाडी मधेच बंद पडते म्हणून तिचा पेट्रोल ढकलणारा पंप बदलला, विषय संपला. नाही संपला. पंप बिचारा ठणठणीत होता, तो आता खोक्यात घालून शेल्फवर ठेवलाय आणि बायको येता-जाता विचारते हा कितीला पडला होता.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: गाडी १९८६ ची पोर्शे ९४४, साधी २.५ लिटर, ८ व्हॉल्व्हची, टर्बो नाही. नेकार्सुल्मच्या कारखान्यात जुळवलेली, म्हणजे मी राहतो त्या श्टुटगार्टहून फार लांब पण नाही. तक्रार एकच. थंड असताना मस्त पळते, पंचवीस-तीस मिनिटं झाली की कोणीतरी मेन स्विच पाडावा तशी फट्कन बंद, आणि चाळीस मिनिटं कडेला उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात स्टार्ट.

या वेळी जरा डोकं लावलं. ट्युबिंगेनला जाणाऱ्या बी २७ वर निघालो, मोबाईल डॅशबोर्डसमोर अडकवून व्हिडिओ चालू ठेवला, कारण गाडी बंद पडते तेव्हा आपलं लक्ष मागच्या ट्रककडे असतं, काट्यांकडे नाही. ठरल्याप्रमाणे बंद पडली. घरी येऊन व्हिडिओ हळू करून बघितला, चौथ्या गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि आरपीएमचा काटा एका झटक्यात ३००० वरून शून्यावर. इथेच पंप निर्दोष सुटला. कारण आरपीएमला सिग्नल इग्निशनकडून मिळतो, नुसतं पेट्रोल बंद झालं असतं तर स्पार्क चालू राहिला असता आणि काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला असता. हे आधी बघितलं असतं तर पंपाचे पैसे वाचले असते, असो.

म्हणजे एकतर डीएमईची, आपल्या इंजिन कॉम्प्युटरची, वीज जातेय नाहीतर त्याला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. विजेसाठी संशयित नंबर एक डीएमई रिले, म्हणजे कॉम्प्युटरला आणि पंपाला वीज देणारा स्विच, वय झालं की आतले सोल्डर तडकतात हे ९४४ वाल्यांना पाठ आहे. उघडला, भिंगाखाली दोन जॉइंटभोवती बारीक गोल चीर दिसली, मी खूश, परत सोल्डर मारला, गाडी काढली, सत्तावीस मिनिटांत बंद. मग रिलेच काढला आणि ३०, ८७ आणि ८७बी हे पॉइंट वायरने एकत्र जोडून चालवून बघितलं. तरी बंद! रिले पण सुटला. (हा जुगाड फक्त टेस्टपुरता करा हां, रिले असला की इंजिन थांबल्यावर पंपही थांबतो, ही जोडवायर लावली की ती काढेपर्यंत, चावी बंद केली तरी, पंप पेट्रोल ढकलत राहतो, अपघात झाला तर काय होईल विचार करा.)

राहिले दोन सेन्सर. इंजिनाच्या मागे, बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, डोक्यावर एकाच ब्रॅकेटमध्ये दोघं शेजारी बसतात. स्पीड सेन्सर फ्लायव्हीलच्या, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, रिंगचे १३२ दात मोजतो, रेफरन्स सेन्सर एका फेऱ्यात एकदाच खूण बघतो. यातला एक जरी गप्प बसला तरी ना स्पार्क ना इंजेक्शन. मल्टिमीटर लावला, पिन १ आणि २ मध्ये एकाचे ९६०, दुसऱ्याचे ९८० ओहम. ६०० ते १६०० असायला हवेत. दोन्ही पास. इथे मी दोन आठवडे अडकलो, अर्थिंगच्या वायरी घासल्या, एअर फ्लो मीटरचा प्लग साफ केला, उगाच काहीतरी करत बसलो.

मग रविवारी बाबांचा फोन. बाबांनी इचलकरंजीत तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, मागांच्या, पंपांच्या, सगळ्या. त्यांना पोर्शेशी काही देणंघेणं नाही. मी रडगाणं गायलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरे पण वाइंडिंग बॉडीला लागलंय का बघितलंस? आणि गार असताना काय मोजतोस, गरम करून मोज की."

मी गप्प. सेन्सर म्हणजे शेवटी गुंडाळीच ना. पिन ३ ला वायरवरची जाळी जोडलेली असते, शिल्डिंग, आणि १-३, २-३ मध्ये काहीच जोड दिसायला नको. मी ते मोजलंच नव्हतं. लगेच खाली पार्किंगमध्ये गेलो, दोन्ही प्लग काढले, थंडीत १-३ उघडं, २-३ उघडं, बरोबर. मग हॉट एअर गन लांबून धरून स्पीड सेन्सरची वायर तापवली, चार-पाच मिनिटं, आणि बोटाने जरा हलवली. मीटर ४० किलोओहम, मग ७, मग ३०० वर येऊन नाचायला लागला. सिग्नल सरळ जाळीत जात होता. सेन्सरपासून चार बोटांवर वायरचं वरचं आवरण पार्ले बिस्किटासारखं तुटून हातात आलं, आत जाळी तांब्याला चिकटलेली. गार झालं की दोघं सुटायचे, गाडी चालू.

नवीन दोन्ही सेन्सर मागवले, एवढं उघडल्यावर एकच बदलणं म्हणजे मूर्खपणा. जुना रेफरन्स सहज निघाला, स्पीडवाला ब्रॅकेटमध्ये असा रुतला होता की तेल टाकून रात्रभर ठेवला तरी मुंडकं तुटलंच, उरलेला ड्रिलने कोरून काढला, तीन तास आणि एक सोललेलं बोट.

सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हीलचे दात यांच्यात गॅप ०.८ मिलिमीटर हवा आणि तिथे फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घालायला जागाच नाही. सोपी युक्ती: सेन्सरच्या टोकाला ०.८ जाडीचा वॉशर चिकटवायचा, दाताला टेकेपर्यंत ब्रॅकेट सरकवायचं, बोल्ट आवळायचे, मग सेन्सर काढून वॉशर काढून परत बसवायचा. जुना धड सेन्सर यासाठी जपून ठेवा. आणि दोन्ही प्लग हुबेहूब सारखे आहेत, उलटे लावले की गाडी स्टार्टच होत नाही, मी स्पीडवाल्याला पूजेचा लाल नाडा बांधून ठेवलाय, शेजारचे जर्मन आजोबा कुतूहलाने विचारत होते हा काही खास इन्सुलेटर आहे का.

तीन चकरा झाल्या, एक तर ट्रॅफिकसकट पावणेदोन तासांची. एकदाही बंद नाही. बाबांना व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं, "बरं. जेवलास का?"

आता पुढचं. ऑइल प्रेशरचा काटा चावी फिरवली की, इंजिन बंद असतानाच, ५ बारवर जाऊन बसतो. सेंडरची, म्हणजे ऑइलचा दाब मोजून गेजला कळवणाऱ्या सेन्सरची, वायर काढून अर्थला टेकवायची, काटा शून्यावर आला तर गेज आणि वायर ठीक, सेंडर गेला. शनिवारी बघतो. या वेळी पार्ट आधी मागवलेला नाही.