चांदणी ‘अचानक’ आंधळी झाली, त्याच्या नोंदी

दिवस १. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आमच्या सात कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडतात. आज सहाच आल्या. चांदणी आत उंबऱ्यापाशी उभी होती, मान उंच आणि एक पाय अर्धवट उचललेला. पाण्यात उतरण्याआधी आपण खोली चाचपतो ना, तशी. मग तिने पाऊल टाकलं आणि थेट चौकटीवर आदळली. उचलून खाण्याच्या भांड्यापुढे ठेवली, तर चोच भांड्याच्या चार बोटं अलीकडे जमिनीवर पडली. पुन्हा मारली, पुन्हा तिथेच.

चांदणी नऊ महिन्यांची आहे. खुडूक बसलेल्या बकुळने गेल्या खेपेला उबवलेल्या तिघींपैकी एक. आदल्या संध्याकाळी ती आपली आपण आत गेली होती, म्हणून मी वहीत लिहिलं, ‘रात्रीत दृष्टी गेली.’ हे वाक्य चुकीचं होतं. ते कळायला मला चार दिवस लागले.

आधी टॉर्चचा प्रयोग केला, जो आपण सगळेच करतो. डाव्या डोळ्याची बाहुली ढिम्म हलली नाही. उजवी जराशी आकसली. म्हटलं, चला, उजवा तरी शाबूत आहे. मग हात डोळ्यांसमोर हलवला, दोन्ही बाजूंनी ती दचकली. म्हणजे दिसतंय की! पण मग चौकट का नाही दिसली?

दिवस २. रात्रभर वाचत बसले आणि टॉर्चवरचा विश्वास उडाला. आपल्या बाहुलीचे स्नायू आपल्या मर्जीने हलत नाहीत. पक्ष्यांच्या बुबुळात मात्र हातापायांसारखे रेषित स्नायू असतात, त्यामुळे पक्षी बाहुली स्वतःहून लहानमोठी करू शकतो. घाबरलेल्या कोंबडीची बाहुली उजेड असो नसो, नाचतच असते. शिवाय दोन्ही डोळ्यांच्या मधलं हाड इतकं पातळ असतं की एका डोळ्यात मारलेला झोत आरपार जाऊन दुसऱ्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचू शकतो. थोडक्यात, बाहुली हलली म्हणजे दिसतं असं नाही, आणि नाही हलली म्हणजे दिसत नाही असंही नाही.

हाताच्या प्रयोगातली चूक तर माझीच. हात हलवला की वारा लागतो आणि गालावरची बारीक पिसं हलतात. कोंबडी त्याला दचकते. आज मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा धरून हात हलवला: डावीकडे काहीच नाही, उजवीकडेही काहीच नाही. मग कापसाचा बोळा डोळ्यासमोरून सोडला. तो आवाज न करता पडतो, म्हणून बरा. डावा डोळा शून्य. उजव्या बाजूला, तेही मागून खाली येताना, मान किंचित वळली. उजेड-सावलीपुरतं काहीतरी उरलं असावं.

कारणांचा विचार. पहिला संशय विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा, कारण मधे आठवडाभर खुराड्यात अंथरलेलं तूस बदलायचं राहून गेलं होतं. आपल्या नाकाला अमोनिया साधारण हवेच्या १० लाख भागांत २०-२५ भाग झाला की जाणवतो, आणि रोजचं नाक तर सरावतं. वर आपण ताठ उभे, कोंबड्या मात्र तुसाला नाक लावून. म्हणून गुडघ्यावर बसून, तुसापासून वीतभर अंतरावर वास घेतला. (शेजारच्या काकू बघत होत्या. बघू देत.) वास होता, पण झोंबण्याइतका नाही. अमोनियाने डोळे गेले असते तर ती ते मिटून बसली असती, डोकं पंखावर घासलं असतं, डोळ्याची पुढची काच धुरकट झाली असती, आणि मुख्य म्हणजे ती एकटी नसती. तूस तरी बदललं. ते करायचंच होतं.

बाकीचं भराभर: तोंड सुजलेलं नाही, घाण वासाचा स्राव नाही, म्हणजे कोरायझा (कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी) नाही. डोळ्यात फेस नाही. पापणीवर देवीच्या खपल्या नाहीत. पापणीखाली पनीरसारखा पांढरा चोथाही नाही, जो ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की साठतो. बाहुली पांढरी नाही, म्हणजे मोतीबिंदूही नाही.

वजन १६८० ग्रॅम. बादलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेते. बादलीचं वजन वजा करायला विसरू नका, मी विसरले होते.

दिवस ४. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत नारिंगी द्रव घालून निळ्या उजेडात बघितलं. पुढच्या काचेवर ओरखडा किंवा जखम असती तर तिथे हिरवं चमकलं असतं. चमकलं नाही. घरात पडलेले, माणसांना दिलेले थेंब कोंबडीच्या डोळ्यात घालायच्या बेतात मी होते, हे त्यांना सांगितल्यावर बोलणी खाल्ली. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि काचेवर जखम असेल, तर जखम चिघळून डोळाच जाऊ शकतो.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. ‘बाहुलीची कड बघा.’ डाव्या बाहुलीची कड गोल नव्हती, उंदराने कुरतडलेल्या कागदासारखी होती. भोवतीचं बुबुळ नारिंगी असायला हवं, ते राखेच्या रंगाचं. उजव्या डोळ्यात नारिंगी अजून होतं, पण त्यावर राखाडी ठिपके आणि कड खालच्या बाजूला ओघळल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, मॅरेक नावाचा रोग असण्याची दाट शक्यता आहे, डोळ्यांवर आलेला. नक्की सांगायला प्रयोगशाळा लागते, कधी कधी तर मेल्यावरच कळतं. त्यावर औषध नाही.

हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये हा रोग पायांचा लकवा म्हणून नोंदवला. त्याचा विषाणू हर्पिसच्या कुळातला आहे हे बऱ्याच नंतर कळलं. विषाणूने बिघडवलेल्या पांढऱ्या पेशी नसांमध्ये, पोटातल्या अवयवांत किंवा बुबुळात गर्दी करतात. बुबुळात शिरल्या की त्याचा रंग जातो, बाहुली वेडीवाकडी होते आणि उजेडाला दाद देईनाशी होते. अंड्यातून तो पिल्लात जात नाही, माणसाला होत नाही. पसरतो पिसांच्या कोंड्यातून आणि धुळीतून. त्या धुळीत तो महिनोन् महिने टिकतो.

घरी आल्यावर फोनमधले जुने फोटो उघडले. माझ्या चार दिवसांच्या तपासापेक्षा त्यांनी जास्त सांगितलं. चांदणी पाच महिन्यांची असतानाच्या फोटोत दोन्ही बुबुळं छान नारिंगी. सात महिन्यांच्या फोटोत डावं फिकट. आठव्या महिन्यात डाव्या बुबुळाभोवती स्पष्ट राखाडी कडं. फोटो मीच काढलेले, आणि मी तुऱ्याचा रंग बघत होते.

आणखी एक आठवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी डोक्यावरून कावळा गेला. बाकी सगळ्यांनी जागच्या जागी मान तिरकी करून वर बघितलं. चांदणी आख्खी गर्रकन फिरली आणि मग उजव्या डोळ्याने बघितलं. मला तेव्हा हसू आलं होतं. एरवी कोंबड्या वरचा धोका डाव्या डोळ्याने न्याहाळणं पसंत करतात आणि दाणे टिपायला उजवा वापरतात. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लाचा डावा डोळा अंगाशी दबलेला असतो आणि उजवा कवचाच्या बाजूला, त्यावर उजेड पडतो. तिथून ही वाटणी सुरू होते. म्हणजे कावळ्याच्या वेळी तिचा डावा डोळा गेलेलाच होता. टिपायचा उजवा चालू होता, म्हणून ती खात होती, अंडी देत होती, कुणाला पत्ता नव्हता. उजव्यातही उजेड-सावलीच उरली, त्या दिवशी तिला चौकट दिसेनाशी झाली.

म्हणून पहिल्या पानावरचं ‘रात्रीत’ खोडून ‘दोन महिन्यांत’ केलंय.

दिवस ५. वेगळी ठेवायची का? डॉक्टरांचं म्हणणं, आता उपयोग नाही, सहाही जणी त्याच धुळीत वाढल्यात. बकुळ आणि तिच्या बरोबरीच्या तिघी लस दिलेल्या आणल्या होत्या. घरी उबवलेल्या तिघींना मी लस दिली नाही. लस जन्मल्या दिवशीच द्यावी लागते (किंवा अंड्यात, १८ व्या दिवशी), आणि तिचा असर चढेपर्यंत पिल्लाला त्या धुळीपासून लांब ठेवावं लागतं. लस गाठी-लकवा रोखते, विषाणू अंगात शिरणं रोखत नाही. म्हणजे लस दिलेली धडधाकट बकुळ विषाणू बाळगत असेल, आणि तिच्याच पोटाखाली मी बिनलसीची पिल्लं उबवली. यापुढे आमच्याकडे घरी उबवणी बंद. बकुळ खुडूक बसली तर रिकाम्या पेटीत बसेल.

दिवस ९. वजन १५१०. कापसाला उजवीकडेही दाद नाही. आता पूर्ण अंधार.

वजन उतरायला रोगापेक्षा कळपातली वरचढ ठकी जास्त जबाबदार. कोंबड्या एकमेकींना तुऱ्यावरून, चेहऱ्यावरून ओळखतात, आणि वरचढ कोंबडी नुसती मान ताठ करते तेव्हा खालची बाजूला होते. चांदणीला ती मान दिसत नाही, ती बाजूला होत नाही, ठकीला तो उर्मटपणा वाटतो. तुऱ्यावर दोन जखमा. मधे जाळी घातली: चांदणी आणि बकुळ एका बाजूला, बाकी पाच दुसऱ्या बाजूला. आवाज सगळ्यांचे ऐकू येतात, चोच कुणाची पोचत नाही. बकुळ आता आईपणा वगैरे करत नाही, पण ती टोचतही नाही. तेवढं पुरे.

दिवस १२. जागेची मांडणी. खाणं कोपऱ्यात, जड चिनीमातीच्या वाडग्यात, म्हणजे धडकली तरी सरकत नाही. कोपरा अशासाठी की दोन भिंतींना घासत ती आपोआप तिथेच येते. पाण्यापाशी वाळूचा हातभर पट्टा, बाकी तूस: पायाला फरक कळला की पाणी जवळ आलं हे तिला समजावं, ही कल्पना. उंच दांडी काढली, जमिनीपासून वीतभर उंचीवर रुंद फळी ठेवली. खाणं घालताना वाडग्यावर चमच्याने तीनदा टकटक. रोज तीनदाच, दोनदा नाही, चारदा नाही.

रात्री गळ्याखालची पिशवी चाचपते. ती दाण्यांनी गच्च असेल तर दिवस बरा गेला, आणि सकाळी रिकामी असेल तर पचलंही. रोज काट्यावर बसवण्यापेक्षा हे सोपं आणि जास्त खरं.

दिवस १५. पहिल्यांदाच टकटक ऐकून सहा पावलं सरळ चालत आली. सातव्या पावलाला वाडग्यात पाय. कुरकुरली, आणि उभ्या-उभ्याच खाल्लं.

दिवस १७. माझी चूक. धुताना पाण्याचं भांडं दीड हात सरकलं आणि मी तसंच ठेवलं. दुपारी बघते तर ती वाळूवर, जुन्या जागी, कोरड्या जमिनीवर चोच मारत उभी. भांडं शेजारीच. संध्याकाळी पिशवी टणक, कोरडी. पाणी पाजलं, मालिश केली, दोन तासांनी मऊ झाली. आता भांड्याभोवती जमिनीवर पांढऱ्या रंगाने वर्तुळ काढलंय. ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

दिवस २२. मातीत अंघोळ! फळीजवळचा खळगा तिने स्वतःच शोधला आणि अर्धा तास लोळली. बकुळ शेजारी. पिसांखाली उवा-गोचीड बघून घेतले, नाहीत. वजन १५९०.

दिवस २८. अंडं. लहान, कवच जरा खडबडीत, पण अंडं.

‘डोळे गेले, आता अंडी बंद’ असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं. मीही मान डोलावली होती. दिवस मोठा झाला की कोंबडी अंडी द्यायला लागते, पण दिवस वाढल्याचं तिला कळतं ते डोळ्यांमुळे नव्हे. मेंदूच्या खोल भागात उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि उजेड कवटीतून झिरपून तिथवर पोचतो. फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. मेंदूतली पिनियल ग्रंथीही उजेडाला थेट दाद देते. चांदणी रोज तिन्हीसांजेला, बाकीच्यांच्या बरोबरीने, फळीवर जाऊन बसते ती यामुळेही असेल, किंवा बाकीच्यांची किलबिल थंडावते म्हणूनही असेल. माझ्या अंगणात दोन्ही वेगळं करून बघता येणार नाही. अंडी थांबली होती ती उपासमारीने आणि ठकीच्या धाकाने. दोन्ही हटल्यावर आली.

दिवस ३४. वजन १६३०. पाय बघते रोज: मॅरेक नसांत उतरला तर एक पाय पुढे, एक मागे असा बसायचा ढंग दिसतो. अजून तसं काही नाही. चालताना पाऊल उंच उचलते, पण ते आंधळेपणामुळे. तिला दुखतंय, ती खात नाही, असे सलग दिवस आले तर काय करायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. त्या दिवशी मला नीट विचार करता येणार नाही, हे मला माहीत आहे.

दिवस ४१. आता दर रविवारी सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो. फ्लॅश बंद, सकाळच्या सावलीत, दर वेळी त्याच पायरीवर, म्हणजे रंगांची तुलना खरी होते. एका कोंबडीचा एकटा फोटो काही सांगत नाही, कारण काहींची बुबुळं जातीनेच फिकी असतात. तिचाच मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवावा लागतो आणि डाव्याशी उजवा ताडून बघावा लागतो. चांदणीच्या दोन्ही बहिणींवर जास्त लक्ष आहे. आज दोघींच्या बाहुल्या गोल, कडा स्वच्छ, नारिंगी गेल्या आठवड्याइतकंच. बकुळही ठीक, उरलेल्या दोघीही. ठकीने फोटो काढू दिला नाही. तिला रात्री दांडीवरूनच उचलेन आणि भिंगाने बघेन.