लाईट दिवसाची होती की रात्रीची?

स्थानिक गुन्हे शाखेत तांत्रिक विश्लेषणाचं टेबल माझ्याकडे आहे. हे काम म्हणजे मोबाईलचं लोकेशन काढणं, असं बाहेर सगळ्यांना वाटतं. ते असतंच. सीडीआर (एका नंबरच्या कॉलच्या नोंदी), एसडीआर (सिम कुणाच्या नावावर आहे ती माहिती), टॉवरचे डंप (ठरावीक वेळेत एका टॉवरवर आलेल्या सगळ्या फोनची यादी) यांत दिवसाचे बरेच तास जातात. पण माझ्या मते या कामाचा खरा कस लागतो तो फिर्यादी वाचण्यात. एक्सेलच्या रकान्यात जे बसत नाही ते फिर्यादीच्या मजकुरात असतं, आणि तो मजकूर एकदा नोंदवला की पुन्हा कुणी वाचत नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात विहिरीवरच्या केबल आणि मोटारी चोरीला जायचं प्रमाण वाढलं होतं. नदीकाठचे तीन तालुके, सगळा बागायती पट्टा. पण मासिक गुन्हे बैठकीच्या कागदावर बघाल तर काहीच नाही. त्याचं कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, चोरीचं ३७९ जाऊन ३०३ आलं, आणि त्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र झाली. वापरलेली केबल, किंमत अंदाजे चार हजार, असं लिहिलं की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. शेतकरी पावती खिशात घालून घरी. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय गुन्हे नोंदीत, मी एफआयआरचा अहवाल काढला तर त्यात या चोऱ्या येणारच नाहीत. इकडे त्या माणसाची नुकती लागवड झालेली कांद्याची रोपं पाण्यावाचून माना टाकतात, नवी केबल उधारीवर आणावी लागते. त्याचं नुकसान चार हजारांचं नसतं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

मी तिन्ही तालुक्यांतल्या ठाण्यांच्या कारकुनांना फोन लावले. एनसी रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सअपवर मागवले. काहींनी लगेच पाठवले, काहींच्या मागे लागावं लागलं. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, फोडून तांब्याची तार आणि ऑइल नेल्याचे मोजके गुन्हे विद्युत कायद्याच्या कलम १३६ खाली दाखल होते, ते त्यात घातले.

आधी वेळ बघितली. वेळेचा उपयोग नव्हता. 'काल सायंकाळी सहा ते आज सकाळी सातच्या दरम्यान' असं प्रत्येक ठिकाणी. संगणकात यातली सुरुवातीची वेळ जाते, म्हणून आलेख काढला की सगळे चोर संध्याकाळी सहाला येतात असं दिसतं. गावांप्रमाणे लावून बघितलं, वारांप्रमाणे बघितलं, अमावास्या-पौर्णिमाही बघितली. एका आठवड्यात पाटाच्या अलीकडची चार गावं, पुढच्या आठवड्यात एकदम पलीकडची, मग परत अलीकडची. नकाशावर ठिपके उड्या मारत होते.

मग रकाने बाजूला ठेवले आणि मजकूर वाचायला घेतला. 'सकाळी लाईट आल्यावर मोटार चालू करण्यास गेलो असता केबल दिसून आली नाही.' पुढची एनसी: 'सकाळी लाईट आल्यानंतर माझा मुलगा विहिरीवर गेला असता.' त्याच्या पुढची तशीच. ठाणे वेगळं, लिहिणारा वेगळा, वाक्य तेच. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. शेतीची थ्री फेज रोज सकाळी येत नसते हे मला कुणी सांगायला नको. फीडरप्रमाणे, म्हणजे गाव ज्या वीजवाहिनीवर आहे तिच्याप्रमाणे, पाळी ठरलेली असते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. माझे वडील ऐन थंडीत रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जात. मग एवढ्या एनसींत 'रात्री लाईट आल्यावर गेलो असता' असं एकाही माणसाने का सांगितलं नाही?

महावितरणच्या उपविभागातून कुठलं गाव कुठल्या फीडरवर आहे ती यादी आणि पाळीचं वेळापत्रक मिळवलं. गावाचा रकाना काढून तिथे फीडर टाकला. उड्या मारणारे ठिपके रांगेत आले. जवळपास प्रत्येक चोरी लाईट दिवसाची असलेल्या आठवड्यात, म्हणजे रात्री लाईन बंद असताना झालेली. कारण सरळ होतं. बंद लाईनवर केबल कापताना जिवाला धोका नाही, डीपीवर चढता येतं. शिवाय रात्रीची लाईट असली की रानात माणसं असतात, बॅटऱ्या फिरतात, कुत्री असतात. दिवसाच्या पाळीत रात्री रान मोकळं.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "म्हणजे वायरमन. वेळापत्रक त्यालाच माहीत."

एक कंत्राटी वायरमन आधीच चौकशीला बोलावलेला होता. त्याचा सीडीआरही माझ्याकडे आला होता आणि दोन चोऱ्यांच्या रात्री त्याचा फोन त्याच टॉवरवर होता. आमच्या कामातली सगळ्यात वाईट घडी मला विचाराल तर ती ही. मांडणी जुळली की समोर असेल तो माणूस तिच्यात बसवायची घाई होते.

मी म्हटलं, "साहेब, हे वेळापत्रक गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर असतं. सगळ्या शिवाराला पाठ असतं."

"आणि टॉवर?"

"तो राहतोच त्या टॉवरखाली. खेड्यात एका टॉवरवर चार-पाच गावं चालतात. एकेका अँटेनाचा पट्टा साधारण १२० अंशांचा, कित्येक किलोमीटर लांब. त्या रात्री अर्धा गाव त्याच टॉवरवर होता. फिर्यादीसुद्धा."

"मग सोडून द्यायचा?"

"त्याच्यावर दुसरं काही असेल तर बघा. पण टॉवरवर नका जाऊ, साहेब."

साहेब काही बोलले नाहीत. त्या माणसाला मात्र संध्याकाळी घरी जाऊ दिलं.

मला हवा होता यातल्या कुठल्याच टॉवरखाली न राहणारा माणूस. डीपीचे गुन्हे दखलपात्र होते, त्यांवर लांबलांबच्या टॉवरचे डंप मागवता आले. काही दिवसांनी ते आले. हजारो ओळी. कॉमन नंबर काढला तर काहीच सापडलं नाही. मग सिमऐवजी हँडसेट धरला. सीडीआरमध्ये आयएमईआयचा, म्हणजे हँडसेटच्या ओळख क्रमांकाचा, पंधरावा आकडा बहुतेक वेळा शून्य छापून येतो, म्हणून जुळवताना पहिले चौदाच घ्यायचे. तसं केल्यावर एक हँडसेट तीन ठिकाणी निघाला, मध्ये सिम बदललेलं. रात्री एक ते तीनच्या दरम्यान, दोन तालुके ओलांडून, तिन्ही वेळा दिवसाच्या पाळीच्या फीडरवर. वायरमन त्याच्या गावाबाहेर एकदाही दिसला नाही. ते मी साहेबांना आधी दाखवलं, हँडसेट नंतर.

त्या आठवड्यात दिवसाची लाईट असलेल्या फीडरपैकी दोन पाटाच्या रस्त्याला लागून होते. कारखान्यांचा हंगाम चालू, उसाच्या ट्रॉल्या रात्रभर फिरत असतात, त्यामुळे रात्रीच्या गाडीकडे कुणी संशयाने बघत नाही. आमचं पथक त्या रस्त्यावर थांबलं. दुसऱ्या रात्री पहाटे एक छोटा हत्ती अडवला. बारदानाखाली केबलची भेंडोळी, लोखंडी कटर, नायलॉनचा दोर आणि एक पाणबुडी मोटार. केबलची टोकं मी सकाळी कार्यालयात बघितली. एका दाबात कापलेली, चकचकीत, तांब्यावर अजून काळपटपणा नव्हता. त्या हँडसेटचा मालक गाडीत होता. पूर्वी तालुक्याला रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला असलेला. दुरुस्तीच्या मोटारी न्यायला-आणायला तो या सगळ्या विहिरींवर हिंडलेला होता.

आधीच्या चोऱ्यांचा माल मात्र बराचसा गेला. केबल जाळून तांबं काढलं की ते कुणाच्या विहिरीवरचं हे कसं सांगणार? एका शेतकऱ्याने स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला तैलरंगाने नाव लिहिलं होतं, त्यामुळे पेटी आणि मोटार त्याची असल्याचं पंचनाम्यात आलं. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर ती त्याला परत मिळाली. बाकीच्यांना नाही. 'आमची पण बघा की ताई' म्हणून अजून फोन येतात, आणि प्रत्येकाला खरं ते सांगावं लागतं.

आता आमच्याकडे एनसी लिहिताना दोन गोष्टी विचारायची पद्धत सुरू झाली आहे: फीडर कुठला आणि त्या रात्री लाईट होती का. काही ठाण्यांत लिहितात, काही ठिकाणी अजून आठवण करावी लागते. दरम्यान, शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून चालू आहे आणि आमच्याकडचेही काही फीडर कायमचे दिवसाच्या पाळीला गेलेत. फार चांगलं झालं. साप-बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी देणं सुटलं. पण त्या फीडरवरचं रान आता रोजच रात्री मोकळं असतं, त्यामुळे पाळीवरून अंदाज बांधायची माझी पद्धत तिथे चालणार नाही. त्या फीडरवरच्या डीपींची यादी मागवली आहे. पाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या डीपींवर आधी खूण करते आहे, म्हणजे रात्रगस्तीचा मार्ग तिकडून लावता येईल.